हातचा

अठ्ठावीस दिवस नदीवर, अठ्ठावीस दिवस जमिनीवर.
बोटीच्या इंजिनरूममधली माझी नोकरी अशी फाळणी झालेली.
रोंडा म्हणाली, वेंडेल, तुझं निम्मं आयुष्य
तसंही रिकामंच पडून असतं, भाड्यानं दे.

रोंडा माझी मेहुणी. चेष्टा करत होती.
मी हिशेब केला.

ओपल ड्रेहर गेली, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये
तिच्या भाच्यानं लुइव्हिलहून फोनवरच घर विकलं.
एक लाख अठरा हजार. हप्ता नऊशे चाळीस.
विमा, कर, तळघरातलं पाणी उपसायचा पंप.
दुसऱ्या बाजूला लिहिला एप्रिलमधला गोधड्यांचा आठवडा,
तेव्हा देशोदेशीच्या शिवणाऱ्या बायका पड्यूकात उतरतात
आणि लोक गॅरेजसुद्धा भाड्यानं देतात.
रात्रीचे तीनशे, गुणिले सात.
बाकीचं वर्ष साधारण धरलं.
'साधारण' हा शब्द बँकेतल्या बाईलाही आवडला.

दाराला आकड्यांचं कुलूप. एक नऊ तीन सात,
महापुराचं साल.
रोंडा म्हणाली, हे तर गावातल्या कुत्र्यांनाही पाठ आहे.
मी म्हटलं, पाहुणे कुठे गावातले असतात?

मग पंधरा बार्ज ढकलत आम्ही कैरोच्या खाली असताना
रात्री दोनला खिशात थरथरायचं:
टॉवेल कमी आहेत. वायफाय कुठंय?
समोरचा म्हातारा आमच्याकडे का बघतो?

समोरचा म्हातारा होबार्ट यान्सी.
चाळीस वर्षं तो ओपलच्या खिडकीतला दिवा बघून
आपला दिवा मालवायचा.
आता येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो.
कुणी उलट हात केला तर
दिवसभर रोंडाला सांगत सुटतो.

ओपलच्या खणात अकरा अंगुस्तानं निघाली.
शोभेला म्हणून वाडग्यात ठेवली, फोटोत छान दिसतात.
एप्रिलनंतर नऊ उरली.
एका बाईनं पाच तारे देऊन लिहिलं,
या घरात हात आपोआप चालतात.
जुलैत सहा. मग चार.
रोंडा म्हणाली, चोरांना भांडी मोजून द्यायची असतात.
मी मोजली नाहीत. म्हणजे मोजली, पण बोललो नाही.

नोव्हेंबर कोरा.
डिसेंबरात एक जोडपं, एका रात्रीत भांडून गेलं.
जानेवारीत एकोणीस दिवस कुणीच नाही.
रिकामं घर यादीत खाली खाली सरकतं,
खाली सरकलेलं कुणाला दिसत नाही.
कुणीतरी राहायला पाहिजे, रोंडा म्हणाली
आणि माझ्याकडे बघितलं.

तर रोंडाच्या मुलाच्या, कोडीच्या नावानं
मी माझंच घर एका रात्रीपुरतं घेतलं.
घटस्फोटापासून मी रोंडाच्या मागच्या खोलीत झोपतो,
तिथून इथपर्यंत चार गल्ल्या.
बॅग घेऊन चालत आलो. कुलपाला साल सांगितलं.
पलीकडून होबार्टनं हात केला,
किती दिवस मुक्काम?
मी म्हटलं, उद्या जातो.
बरं, म्हणाला. गाव बघून जा.

वाडग्यात आता चार होती:
तीन ओपलची, पितळी, घासून पातळ झालेली,
आणि एक प्लास्टिकचं, गुलाबी.
ते मी ठेवलेलं नव्हतं.

सकाळी तारे द्यायला बसलो.
गुलाबी अंगुस्तान बोटात तसंच होतं,
प्लास्टिकमधून पडद्याला बोट कळत नाही.
दुसऱ्या हातानं लिहिलं:
घर स्वच्छ. पंप वाजतो.
यजमान भेटला नाही.
चार.

अकराला रोंडा आली, बादली, पावडर, कोऱ्या चादरी.
साफसफाईचे पंचेचाळीस तिचे, ते मीच भरलेले.
आतल्या खोलीतून ओरडली:
वेंडेल, चादर तर मोडलीच नाहीये,
झोपलास कुठे?